काठीचा आवाज थांबला तर

आमच्या मोहल्ल्यात रात्री गस्त घालणारा एक राखणदार होता. हातात काठी, गळ्यात शिट्टी. थोड्या थोड्या वेळाने तो रस्त्यावर काठी आपटत जायचा. लहानपणी मला वाटायचं, चोरांना घाबरवायला तो हे करतो. माझी दादी म्हणायची, "चोरांसाठी नाही रे, आपल्यासाठी वाजवतो तो. मी जागा आहे, तुम्ही झोपा, असं सांगतो." त्या ठकठकीत दादी गाढ झोपायची. एखाद्या रात्री काठी वाजली नाही, की मात्र तिला जाग यायची.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दवाखान्यांची बिलं ऑनलाइन भरायची एक व्यवस्था आहे, तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या गटात तो आहे. मध्यंतरी आमच्याकडे मुक्कामाला आला होता. रात्री दोन वाजता त्याचा फोन किंचाळला. सगळं घर उठलं. "काय झालं रे?" मी विचारलं. लॅपटॉपवर नजर टाकून तो म्हणाला, "काही नाही मामू. एक सर्व्हर दोन मिनिटं हळू चालत होता. आपोआप सुरळीत झाला." तरी तो काहीतरी टाइप करत बसला. "आता काय करतोस?" "नियम बदलतोय. एवढ्यासाठी माणसाला उठवायचं नाही, असं यंत्राला लिहून देतोय."

मी कवितेतला माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. यंत्रातलं मला जे कळतं ते कुणी समजावून सांगितलं तर. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. माणसाला केव्हा उठवायचं, हे यंत्राला कुणीतरी लिहून द्यावं लागतं! हे लिहायची सुरुवात कुणी केली? या प्रश्नामागे गेलो आणि अर्ध्या शतकाहून मोठा इतिहास हाती लागला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण रेल्वेचं तिकीट काढतो, बँकेतून पैसे पाठवतो, तेव्हा त्यामागे एक नव्हे, अनेक संगणकांवर अनेक प्रोग्रॅम चालत असतात. अशा प्रत्येक सतत चालणाऱ्या कामाला सेवा, म्हणजे सर्व्हिस म्हणतात. या सेवा जाळ्यातून एकमेकींशी बोलतात. त्यांतली एखादी बंद पडली तर धूर निघत नाही, आवाज होत नाही. मोटार बिघडली तर खडखडते. इथे बिघाड मुका असतो. त्याला बोलतं करावं लागतं.

इंटरनेटचं पूर्वरूप म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे त्यावरून पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' लिहायचं होतं. दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. पहिल्याच संदेशाबरोबर पहिला बिघाडही नोंदला गेला.

या जाळ्याच्या प्रत्येक ठाण्यावर 'इम्प' नावाचं कपाटाएवढं यंत्र असे. ते बांधणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी एक नियंत्रण केंद्र उभारलं. प्रत्येक इम्पने ठरावीक वेळाने आपली खुशाली केंद्राला कळवायची, अशी योजना होती. माझ्या तारा ठीक आहेत, शेजारच्या ठाण्याशी बोलणं होतंय, वगैरे. ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर तीही बातमीच समजायची. परिणाम असा झाला, की देशाच्या दुसऱ्या टोकाला टेलिफोनची तार बिघडली, तर ते टेलिफोन कंपनीच्या आधी केंब्रिजमध्ये बसलेल्या माणसांना कळू लागलं. सुरुवातीला कंपनीचा त्यावर विश्वास बसत नसे.

पुढची पायरी १९८३ सालची. मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक मूस नावाचे संशोधक होते. जाळ्यात काहीतरी विचित्र वागत होतं. त्याचा माग काढण्यासाठी डिसेंबर महिन्यातल्या एका रात्री त्यांनी सुमारे हजार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दुसऱ्या यंत्राला एक हाक देतो आणि प्रतिसाद यायला किती वेळ लागला ते मोजतो. पाणबुड्यांचा शोध घेताना ध्वनिलहर सोडतात, ती आदळून परत येते, तिच्या आवाजावरून त्यांनी नाव ठेवलं 'पिंग'. मूस २००० साली मोटार अपघातात गेले. त्यांची ती हाक आजही जगभरच्या संगणकांवर रोज दिली जाते.

त्यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे. एका अभियंत्याच्या जाळ्यात कुठेतरी केबलचा जोड सैल होता, पण सापडत नव्हता. त्याने असं केलं, की प्रतिसाद आला की संगणकाने मोठ्याने 'पिंग' म्हणावं. आवाज चढवून ठेवला आणि तो इमारतभर केबली हलवत फिरला. जिथे 'पिंग' थांबलं, तिथे जोड सापडला. आमच्या दादीला हा माणूस आवडला असता.

पण पिंग एवढंच विचारतं, 'जागा आहेस का?' यंत्र 'हो' म्हणतं. त्याच वेळी त्या यंत्रावरची बिलं भरायची सेवा मरून पडलेली असू शकते. दुकानाचं शटर उघडं आहे, दिवे लागलेत, पण गल्ल्यावर कुणी नाही, तशातला प्रकार. यंत्र चालू असणं वेगळं आणि काम चालू असणं वेगळं. हा फरक पुढे किती महागात पडला, ते सांगणारच आहे.

१९८८ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकाच भाषेत प्रकृती विचारता यावी म्हणून एसएनएमपी नावाचं संकेतमानक आलं. १९९४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरमधल्या विद्यापीठात टोबियस ओटिकर यांच्यापाशी बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच अरुंद वाहिनी होती आणि तिच्यावर किती गर्दी आहे हे सगळ्यांनाच हवं होतं. त्यांनी सतत बदलणारा आलेख दाखवणारं एमआरटीजी हे साधन लिहिलं. आलेखाने एक मोठी गोष्ट केली. रोजचं 'ठीक' कसं दिसतं ते कळलं. सोमवारी सकाळी गर्दी असतेच, मग तिला बिघाड का म्हणायचं? ज्याला 'नेहमीचं' माहीत नाही, त्याला 'वेगळं' ओळखता येत नाही.

खरी नियमांची वही मात्र पुढे आली. अमेरिकेतल्या एथन गॅलस्टाड यांनी १९९६ मध्ये सर्व्हरना पिंग करून पेजरवर आकडा पाठवणारा लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्याच विचारातून १९९९ मध्ये 'नेटसेंट' हे साधन त्यांनी सर्वांसाठी मोफत खुलं केलं. नावाच्या हक्कावरून अडचण आली, तेव्हा २००२ मध्ये त्याचं 'नागिओस' झालं. नव्या नावाचा खेळकर अर्थ त्यांनी असा लावला, की आता हा संतपणाचा आग्रह धरणार नाही.

नागिओसचे नियम साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचे असतात. कोणती यंत्रं आहेत, त्यांवर कोणत्या सेवा आहेत, प्रत्येकीला काय विचारायचं, किती वेळाने, बिघाड झाला तर कुणाला कळवायचं आणि कोणत्या वेळात. तपासणीचं उत्तर चारांपैकी एकच: ठीक, सावध, गंभीर, माहीत नाही. मला यातलं चौथं उत्तर फार आवडलं. तपासणाऱ्यालाच काही कळलं नाही, तर ते 'ठीक' धरायचं नाही. आपल्या अज्ञानाला स्वतंत्र रकाना द्यायचा.

मग प्रश्न येतो, किती वेळा विचारून मग ओरडायचं? समजा, दर पाच मिनिटांनी तपासणी आहे. उत्तर वाईट आलं, तर लगेच कुणाला उठवायचं नाही. मिनिटामिनिटाने आणखी दोनदा विचारायचं. तिन्ही उत्तरं वाईट आली, तरच बिघाड पक्का. यात खोट्या हाका कमी होतात. पण हिशेब करून पाहा. तपासणी होऊन गेल्या गेल्या सेवा पडली, तर माणसाला कळायला सात मिनिटं लागतील. माणसाच्या झोपेची किंमत सेवा वापरणाऱ्याच्या वेळेतून दिली जाते. नियम लिहिणारा या दोघांमध्ये बसलेला असतो.

आणखी एक नियम पाहा. पूल वाहून गेला, तर पलीकडच्या वीस गावांतून निरोप येणार नाहीत. म्हणून वीस गावं बुडाली असं कुणी म्हणत नाही. तसं कोणतं यंत्र कुणाच्या पलीकडे आहे, हे नागिओसला सांगून ठेवता येतं. मग वीस गजरांऐवजी पुलाचा एकच गजर वाजतो. उठलेल्या माणसाने 'कळलं, पाहतो' अशी नोंद केली की गजर पुन्हा पुन्हा वाजायचा थांबतो. रमजानमध्ये सहरीला उठवणारे आमच्याकडे असंच करायचे. आत दिवा लागला, की ते पुढच्या दाराकडे वळायचे.

इतकी काळजी कशासाठी? भाच्याने आपलीच गोष्ट सांगितली. आधीच्या एका कंपनीत रात्रीत चाळीस-पन्नास गजर वाजायचे, बहुतेक बिनकामाचे. एका रात्री कंटाळून त्याने फोन उपडा करून ठेवला. नेमका त्या रात्री एक गजर खरा होता. सकाळी त्याला बोलणी बसली. ते चाळीस नियम कुणी लिहिले, हे कुणी विचारलं नाही. 'लांडगा आला रे'च्या गोष्टीत निदान पोराला तरी गंमत वाटत होती. इथे ओरडणाऱ्या यंत्राला आपण खोटं ओरडतोय हेही कळत नाही.

उलट टोकाची गोष्ट १४ ऑगस्ट २००३ची. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात गजराची यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास गोठली. प्रोग्रॅममधला दोष होता. गजर बंद पडल्याचा गजर कक्षात कुठेही वाजला नाही. २ वाजून ४१ मिनिटांनी ज्या सर्व्हरवर ती यंत्रणा होती तो पडला, तेराच मिनिटांत त्याचा बदली सर्व्हरही पडला. नियमाप्रमाणे निरोप आपोआप गेला, पण तो संगणक विभागाकडे. त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केले. तीन वाजून आठ मिनिटांनी सर्व्हर चालू झाले. गजर वाजतोय का, हे मात्र नियंत्रण कक्षात कुणी विचारलं नाही. तो वाजत नव्हताच.

त्याच वेळी बाहेर उच्चदाबाच्या तारा लोंबून झाडांना टेकत होत्या. ३ वाजून ५ मिनिटांनी एक वाहिनी गेली, ३.३२ला दुसरी, ३.४१ला तिसरी. शेजारच्या यंत्रणांचे फोन येत होते, काहीतरी बिघडलंय म्हणून. पण इथे गजर शांत, म्हणून त्या फोनना पुरेसं वजन मिळालं नाही. ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कमध्ये भुयारी गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि लोक पूल ओलांडून पायी घरी गेले.

दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशीचा अंतिम अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. झाडं वेळेवर छाटली नव्हती, हेही त्यात आहे. पण मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. निरोप गेला होता, वेळेवर गेला होता. ज्याला तारा सांभाळायच्या होत्या त्याला तो गेला नाही. आणि ज्याला गेला, त्याने यंत्र चालू झालं म्हणजे काम चालू झालं असं मानलं.

पुढची साधनं या धड्यांवर उभी आहेत. २०१२ मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत 'प्रोमिथियस' सुरू झालं. त्यात 'अमुक गोष्ट इतकी मिनिटं सलग वाईट राहिली तरच हाक दे' असा नियम सरळ लिहिता येतो. ते वापरणारे लोक आणखी एक गमतीदार नियम लिहून ठेवतात: कायम वाजणारा गजर. तो बाहेरच्या, वेगळ्या जागी असलेल्या यंत्रणेकडे अखंड जात राहतो. तो थांबला, की बाहेरची यंत्रणा समजते, राखणदारच पडला आहे, आणि माणसाला उठवते. राखणदार बाहेरचा का हवा, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसलं. त्या दिवशी फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं आणि दुरुस्तीची घरची साधनंही त्याच जाळ्याबरोबर बंद पडली होती.

कायम वाजणाऱ्या गजराचं भाच्याने सांगितलं, तेव्हा मी हसलो. तो म्हणाला, "हसताय काय मामू?" म्हटलं, "हा नियम मला सत्तर सालापासून माहीत आहे. आमच्या गल्लीत काठीने लिहिलेला होता."

त्या रात्री त्याने दोन मिनिटांच्या जागी पाच मिनिटं लिहिली होती. मी विचारलं, "पाचच का? दहा का नाही?" तो म्हणाला, "दवाखान्यातून सुटी मिळालेला पेशंट बिल भरल्याशिवाय घरी जात नाही. त्याचा मुलगा काउंटरवर उभा असतो. पाच मिनिटं तो थांबेल. दहा मिनिटं झाली की घाबरेल, पैसे गेले की काय म्हणून."

फायलीत फक्त पाचाचा आकडा आहे. तो मुलगा तिथे कुठेही लिहिलेला नाही. पण आकडा त्याच्याकडे पाहून लिहिलाय, एवढं मला कळलं आणि मी झोपायला गेलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)