शाहिरी, संयुक्त महाराष्ट्राची (१९५६)

संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील सर्वांत धामधुमीच्या वर्षाची लोकप्रिय गाणी. कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील पेण आणि रोहे या गावांना तेव्हा रेल्वे नव्हती, पण इथल्या गावागावांतून माणसे मुंबईत कामाला गेली होती. मुंबई कुणाची, हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता.

१६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले आणि शहर पेटले. आंदोलनातल्या गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे गेली. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जुलैत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा दिला. देशमुखांचे घराणे रोह्याचे आणि लोकसभेतला मतदारसंघही कुलाब्याचाच. १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले.

देशमुखांनी हा प्रश्न संसदेत मांडला. मैदानात तो मांडला अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या लाल बावटा कलापथकाच्या त्रिकुटाने. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि अमर शेखांचा पहाडी आवाज एवढ्या भांडवलावर सभा उभी राही. आत्माराम पाटलांचे पोवाडेही गाजले. यांतले पुष्कळसे प्रचारापुरते होते. प्रसंग सरला, गाणेही सरले.

अपवाद अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचा. पोटासाठी मुंबईत आलेला गडी मागे राहिलेल्या बायकोच्या रूपाचे, तिच्या दागिन्यांचे तपशीलवार वर्णन करतो. पुढे मुंबईतली श्रीमंती आणि उपासमार समोरासमोर येतात. लढा येतो तो त्यानंतर. मैनेची भेट होत नाही तशीच गत खंडित महाराष्ट्राची, असे म्हणत शाहीर बेळगाव, कारवारची नावे घेतो. राजकारण आधी आणि माणूस मागून, अशी रचना असती तर ही छक्कड वर्षभरातच विसरली गेली असती. (विरहाचे हे सूत्र जुनेच. ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवाद देशमुखांनीच केला होता, हा योगायोगही गमतीचा.)

१९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची लोकसभेची जागा काँग्रेसच्या हातून शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार आणि निपाणी आजही कर्नाटकात आहेत.