मनमाडमध्ये हद्द कुणाची? जिल्हा पोलिसांची पावणेदोनशे वर्षं

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

मनमाड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना जंक्शन. रात्री अडीचला गाडी थांबते, कुणीतरी "चाय, चाय" करत डब्यातून जातं, आपण डोळे किलकिले करून बोर्ड बघतो आणि परत झोपतो. पण २०११ च्या जनगणनेत सुमारे ८० हजार वस्ती असलेलं हे गाव नाशिक जिल्ह्याच्या पोलिसांसाठी कायम एक अवघड गणित राहिलंय. आज ते गणित जरा उलगडून बघू. पोलीस दल कसं तयार झालं, माणसं किती आणि कुठे आहेत, आणि सामान्य माणसाच्या हातात त्यातून काय पडतं?

सुरुवात मनमाडपासून खूप लांब होते, सिंधमध्ये. १८४३ साली चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि तिथे आयर्लंडच्या धर्तीवर वेगळं पोलीस दल उभं केलं. तोपर्यंत आपल्याकडे वसुली, न्याय आणि बंदोबस्त ही कामं थोडीफार एकाच हातात असायची. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क १८४७ मध्ये सिंधला गेले, त्यांना ती पद्धत आवडली, आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यात प्रत्येक जिल्ह्याला एक पोलीस अधीक्षक आला. आज आपण ज्यांना 'एसपी साहेब' म्हणतो, ती खुर्ची इथली.

आता एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अधीक्षक आला, पण तो जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या हाताखाली. अधिकार कलेक्टरकडे आणि काठी पोलिसांकडे अशी ती वाटणी होती. १८६१ मध्ये देशाचा पोलीस कायदा आला, १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला, स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला (आज त्यालाच महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात), पण ही मूळ वाटणी बऱ्याच अंशी तशीच राहिली.

मूठभर शिपाई आणि गावचा पाटील

एक प्रश्न पडतो. त्या काळात एवढ्या मोठ्या जिल्ह्यात, रस्ते नाहीत, फोन नाहीत, मग मूठभर शिपायांनी कारभार केला कसा? उत्तर आहे, गावचा पाटील. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावातल्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर टाकली. गावात कोण नवीन आलं, कुठे भांडण झालं, कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला, हे तो वर कळवायचा. सरकारला पगारी शिपाई कमी लागायचे, कारण डोळे गावातलेच होते. स्वस्तातली सोय म्हणा हवं तर.

पुढे वतनदारी गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यानंतर पोलीस पाटील हे वंशपरंपरेचं पद राहिलं नाही, प्रांताधिकारी नेमणूक करू लागले. आज कितीतरी गावांत पोलीस पाटील महिला आहेत. मानधन २०१९ मध्ये महिना ६,५०० रुपये झालं आणि २०२४ मध्ये १५ हजार करायचा निर्णय झाला. गावात पहिली खबर अजूनही बऱ्याचदा यांच्याकडेच जाते. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तीही याच विचारावर. बांधावरचं भांडण कोर्टात जाण्याआधी गावातच मिटवायचं.

पण ही सगळी यंत्रणा बांधली गेली ती कुणासाठी? एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या गावासाठी. आणि मनमाडला तर रोज अनोळखी माणसं उतरत होती.

रूळ आले, हद्दी वाढल्या

१८६० च्या दशकात मुंबईहून घाट चढून लोहमार्ग इकडे आला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लाइन सुरू झाली. १९०० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाकडून येणारी मीटर गेजची लाइन मनमाडला येऊन भिडली. आता गंमत बघा. इकडे ब्रॉडगेज, तिकडे मीटरगेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नाही. म्हणजे मराठवाड्यातून आलेलं प्रत्येक पोतं मनमाडला उतरवायचं आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. हा प्रकार १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत चालला. हमालांना काम मिळालं, गावाला बरकत आली. आणि जिथे माल उघड्यावर हातोहात फिरतो, तिथे चोरीची संधीही असतेच. पुढे अन्न महामंडळाची मोठी गोदामं आली आणि गावाजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आले.

मग पोलीस किती प्रकारचे झाले, मोजू या.

फलाटावर किंवा गाडीत तुमची बॅग गेली, तर गुन्हा नोंदवणार लोहमार्ग पोलीस. ते राज्य सरकारचे, पण त्यांचा खर्च राज्य आणि रेल्वे अर्धा-अर्धा उचलतात. रेल्वेच्या मालमत्तेची चोरी झाली, तर रेल्वे सुरक्षा दल. ते केंद्राचं, १९५७ च्या कायद्याने बनलेलं. स्टेशनबाहेर रिक्षाथांब्यावर मारामारी झाली, तर मनमाड शहर पोलीस ठाणं, म्हणजे नाशिक ग्रामीण दल. आणि रेशनच्या धान्यात किंवा रॉकेलमध्ये गडबड झाली, तर महसूल आणि पुरवठा खातं.

एकाच गावात चार दारं, आणि प्रत्येक दारावर "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकायची सोय!

२५ जानेवारी २०११

आता त्या दिवसाकडे येऊ, ज्या दिवसामुळे मनमाडचं नाव देशभर गेलं.

यशवंत सोनवणे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी होते. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी ते पानेवाडीजवळून जात होते. रस्त्याकडेच्या ढाब्याजवळ उभे टँकर पाहून त्यांना संशय आला. ते थांबले आणि चित्रीकरण करू लागले. सोबत चालक आणि स्वीय सहायक, एवढीच माणसं. काही वेळात तेलाच्या काळ्या धंद्यातली टोळी आली. त्यांना मारहाण झाली, अंगावर इंधन ओतून जिवंत जाळण्यात आलं. मुख्य आरोपी स्वतःही भाजला आणि काही दिवसांत रुग्णालयात मरण पावला. २७ जानेवारीला राज्यातल्या लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. राज्यभर छापे पडले. तपास पुढे सीबीआयकडे गेला.

टँकर थांबवून माल तपासायचा अधिकार त्यांच्याकडे होता का? होता. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, आणि त्याखालची बरीचशी अंमलबजावणी महसूल-पुरवठा अधिकाऱ्यांकडेच असते. त्या क्षणी अधिकाराच्या पाठीशी उभी राहील अशी ताकद सोबत होती का? नव्हती. आठवतंय, १८५३ ची ती वाटणी? अधिकार एकीकडे, काठी दुसरीकडे. कागदावर ती व्यवस्थित चालते. भर रस्त्यावर, दुपारी, टोळीसमोर उभ्या असलेल्या एका माणसाला त्या वाटणीची किंमत जिवाने मोजावी लागली.

देशाने असा प्रकार पहिल्यांदा पाहिला असंही नाही. २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा पेट्रोल पंपाच्या भेसळीवरून खून झाला होता.

आणि या धंद्याचं मूळ कुठे होतं? भावाच्या फरकात. २०११ च्या सुमारास रेशनचं रॉकेल लिटरला १२-१३ रुपयांना, आणि डिझेल चाळीसच्या आसपास. एका लिटरमागे २५ रुपयांच्या वर सुटत असतील, तर टँकर भरून किती होतील याचा हिशेब तुम्हीच करा. पुढे २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले, २०१६ पासून रॉकेलचा भाव थोडा थोडा वाढवत नेला, २०२० पर्यंत अनुदान संपत आलं. फरकच उरला नाही, तसा त्या भेसळीतला मलिदाही आटला. म्हणजे कधीकधी गुन्ह्याचं मूळ पोलीस ठाण्याच्या खूप बाहेर असतं. पण ते मूळ उपटेपर्यंत जी वर्षं जातात, त्या वर्षांत रस्त्यावर माणूस लागतोच.

माणसं किती?

तर माणसं मोजू. नाशिक जिल्हा साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा, १५ तालुके, २०११ ला लोकसंख्या ६१ लाख. नाशिक शहराला वेगळं पोलीस आयुक्तालय आहे. ग्रामीण दलाकडे येतो बाकीचा पसारा, चाळीसच्या आसपास पोलीस ठाणी. त्यात मालेगावसारखं संवेदनशील शहर, मनमाडसारखं जंक्शन, आणि त्र्यंबकेश्वरसुद्धा. २०२६-२७ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला बंदोबस्त लागला की माणसं कुठून येणार? ठाण्यांमधूनच.

देशाचा आकडा सांगायचा तर, लाख लोकांमागे मंजूर पोलीस पदं १९० च्या वर आणि प्रत्यक्ष भरलेली १५० च्या थोडी पुढे, असं अलीकडच्या सरकारी आकडेवारीत दिसतं. मधली पदं कागदावर. त्यांचं काम मात्र कागदावर राहत नाही, ते हजर असलेल्या शिपायाच्या ड्युटीत जाऊन बसतं. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी प्रयोग म्हणून सुरू झाली, तेव्हा त्याची बातमी झाली. आठ तास काम ही बातमी होते, यातच सगळं आलं!

गंमत म्हणजे प्रशिक्षणात नाशिक कायम पुढे. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. राज्याचे फौजदार इथे घडतात. अधिकारी घडवणाऱ्या जिल्ह्यालाही शिपायांची चणचण सुटत नाही.

पोचले, पण पुढे?

आता दुसरी बाजू, कारण पोलीस वेळेवर पोचले म्हणजे सगळं ठीक झालं असं नाही.

३० मे २०२३. दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून बिहारची ५९ मुलं सांगलीकडे मदरशात शिकायला निघाली होती. तस्करीच्या संशयावरून त्यांना उतरवण्यात आलं, २९ भुसावळला आणि ३० मनमाडला. सोबतच्या पाच जणांवर लोहमार्ग पोलिसांत मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले. मुलं १२ दिवस नाशिक आणि जळगावच्या निवासगृहांत राहिली. ते पाच जण सुमारे चार आठवडे तुरुंगात. पुढे बिहारमध्ये जाऊन चौकशी झाली, आणि मार्च २०२४ मध्ये तस्करी नव्हती, गैरसमज होता, म्हणून दोन्ही प्रकरणं बंद करण्यात आली.

मुलांची चौकशी करायलाच नको होती का? करायलाच हवी होती. पालकांशिवाय इतकी मुलं दिसली तर फलाटावरच्या पोलिसाने विचारणं हे त्याचं कामच. मनमाडसारख्या जंक्शनवर खरोखर पळवलेली, घरातून पळालेली मुलंही सापडतात. प्रश्न आहे क्रमाचा. आई-वडिलांना फोन, कागदपत्रांची पडताळणी, बिहारच्या पोलिसांशी बोलणं, हे आधी. तस्करीचं कलम आणि बातमी नंतर. गावचा पाटील आपल्या गावातला माणूस ओळखायचा. जंक्शनवर कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून तिथे पडताळणीलाच जास्त माणसं आणि जास्त वेळ द्यावा लागतो. आणि नेमकी त्याचीच टंचाई.

२०११ ला अधिकाराजवळ मनुष्यबळ नव्हतं. २०२३ ला मनुष्यबळ पोचलं, पण पडताळणी मागे राहिली. पोलीस दलाची प्रगती मोजताना गाड्या किती आल्या, कॅमेरे किती लागले, हे आपण मोजतो. मनमाड सांगतं, की संकटातल्या माणसाजवळ योग्य माणूस वेळेत पोचला का आणि पोचल्यावर त्याने आधी विचारलं की आधी पकडलं, हेही मोजा.

तुमच्या मोबाइलमध्ये काय असावं?

हद्दीची भिंत हळूहळू खाली येते आहे, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ११२ ही एकच आणीबाणी सेवा सुरू झाली. गाडीत असाल तर १३९. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. गाडी इगतपुरीला असताना बॅग गेली आणि तुम्हाला मनमाडला कळलं, तरी मनमाडला तक्रार देता येते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत सही करायची.

अजून एक. आपल्या ठाण्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो. १० रुपयांचा अर्ज. बरेच जण तक्रार करताना "पोलीस येतच नाहीत" म्हणतात. किती पोलीस आहेत हे क्वचित कुणी विचारतं.

तर मंडळी, आज इतकंच. पुढच्या वेळी रात्री मनमाडला गाडी थांबली, तर फलाटावर पाय मोकळे करणारा तो खाकीतला शिपाई जरा नीट बघा. त्याची ड्युटी कधी सुरू झाली असेल, याचा अंदाज बांधा. तुमच्या गावच्या ठाण्याचा अनुभव, बरा किंवा वाईट, आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!