तडजोडीचे मंडळ

पूर्वेस भाऊबंदाची भिंत, दक्षिणेस गाडीरस्ता, उत्तरेस सामायिक विहीर, अशी आपल्याच घराची चतुःसीमा कारकुनाने वाचून दाखवावी आणि त्याखाली कुणब्याने मुकाट्याने अंगठा उठवावा, हा जुन्या गहाणखताचा शिरस्ता होता.

1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, अशा गहाणखतांवरचे व्याज मुद्दलाला गिळू लागले, आणि ज्याची राजधानी नागपूर होती त्या मध्यप्रांताच्या सरकारने 1933 साली कर्जतडजोडीचा कायदा केला. पुणे-नगरकडच्या 1875 च्या दंग्यांनंतर झालेल्या 1879 च्या कायद्याने दस्तऐवजामागील खरा व्यवहार तपासण्याचे काम दिवाणी न्यायाधीशाकडे सोपविले होते. मध्यप्रांतात मात्र सावकार आणि ऋणको यांना तडजोड मंडळापुढे समोरासमोर बसवून, रक्कम घटवून हप्ते ठरवावेत, आणि वाजवी देकार धुडकावणाऱ्या सावकाराने पुढे दावा लावलाच, तर त्याचा खर्च व सहा टक्क्यांवरील व्याज बुडावे, अशी चतुर योजना होती. मात्र थकलेला हप्ता सारा-थकबाकीप्रमाणे वसूल होई. म्हणजे सावकाराची जागा तहसीलदार घेई, आणि तडजोडीचे हे सौम्य भासणारे रूप कितपत सौम्य होते याविषयी मला शंका आहे. पुढे 1939 च्या कायद्याने कर्ज कमी करण्याचा अधिकार खास न्यायालयांस दिला.

तथापि 1933 च्या कायद्याचा ऋणको म्हणजे मुख्यतः शेतीवर जगणारा. नागपूर शहरातील कोष्ट्याने मागासकट घर गहाण टाकले असेल, तर या मंडळाच्या दारात त्याची कैफियत ऐकणारे कोणी नव्हते.