मेंदू-संगणक संयोजन व आभासी देह

मेंदूच्या विद्युत् क्रियेतील बदल टिपून त्यांच्या आधारे, स्नायूंची हालचाल न करता, संगणकनिर्मित जगातील आकृती चालविण्याचे तंत्र. अशा आकृतीस ‘अवतार’ म्हणतात. ही संस्कृत संज्ञा इंग्रजीमार्गे रूढ झाली.

देह आणि त्याला चालविणारा यांच्यातील भेदाचा विचार मराठीत जुना आहे. अंबाजोगाई (जि. बीड) येथे समाधी असलेल्या मुकुंदराजांनी विवेकसिंधूत (परंपरेनुसार ११८८) तो अद्वैत वेदान्ताच्या अंगाने मांडला. तेथेच राहिलेल्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) सु. ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडाच्या पासोडीवर पंचीकरण आकृत्यांसह लिहिले. या विचाराशी नव्या तंत्राचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु दोहोंची दिशा उलट आहे. वेदान्त्याला ‘मी म्हणजे देह’ हा भ्रम सोडवायचा होता. पक्षाघाताच्या रुग्णाला गमावलेला देह परत हवा असतो.

जर्मन मनोविकारतज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला विद्युत् आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. झाक व्हिदाल यांनी लॉस अँजेल्स येथे १९७३ मध्ये मेंदू व संगणक यांच्या थेट संपर्काची कल्पना मांडली. १९७७ मध्ये त्यांनी दृष्टिउद्दीपनाने उमटणाऱ्या मेंदूलहरींच्या साहाय्याने पडद्यावरील खूण चक्रव्यूहातून चालवून दाखविली.

पुढील प्रयोगांत हालचालीची केवळ कल्पना पुरेशी ठरली. उजवा हात हलविल्याची कल्पना केली असता डाव्या प्रेरक बाह्यकावरील ८ ते १३ हर्ट्‌झच्या लहरी क्षीण होतात. पायांच्या कल्पनेने मध्यभागी बदल होतो. संगणक हेच मोजके ठसे ओळखतो, विचार वाचीत नाही. कवटीवरील संकेत काही मायक्रोव्होल्टांचाच असल्याने पापणी लवली तरी तो झाकोळतो, आणि काहींना सरावानेही तो साधत नाही.

जपानमधील केइओ विद्यापीठात जुनिची उशिबा यांच्या गटाने २००७ मध्ये ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगातील आकृती याच रीतीने चालविली : पायांची कल्पना केल्यास पुढे, हातांची केल्यास त्या त्या बाजूस. पुढल्या वर्षी स्नायुविकाराने हालचाल गमावलेला एक रुग्ण त्या जगात हिंडला व दुसऱ्या व्यक्तीशी बोलला. चालण्यापेक्षा ही भेटच अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल.

सॅन फ्रॅन्सिस्को येथे एडवर्ड चँग यांच्या गटाने २०२३ मध्ये, मस्तिष्क-स्तंभातील आघाताने वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूपृष्ठावर २५३ विद्युत् अग्रे बसवून तिच्या बोलण्याच्या प्रयत्नांचे शब्दांत रूपांतर केले. मिनिटाला सु. ७८ शब्द उमटले. पडद्यावरील चेहरा ते बोलला. त्याचा आवाज तिच्या लग्नातील ध्वनिमुद्रणावरून घडविलेला होता.