जागेला बांधून घेणं : एका व्रताची दीड हजार वर्षं

आजचा विषय एक व्रत आहे, आणि ते पाळणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच हलली तेव्हा काय झालं, ही त्याची गोष्ट.

३० ऑक्टोबर २०१६. रविवार. इटलीच्या उंब्रिया प्रांतात नोर्चा नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. सकाळी सातनंतर तिथे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. गावातल्या चौकात संत बेनेडिक्ट यांच्या नावाचं मोठं चर्च होतं, त्याला बॅसिलिका म्हणतात. परंपरा सांगते की बेनेडिक्ट जिथे जन्मले त्याच जागेवर ते बांधलेलं आहे. काही क्षणांत ते कोसळलं. उभी राहिली ती फक्त दर्शनी भिंत. माणसं वाचली, कारण आधीच्या धक्क्यांमुळे गाव बरंचसं रिकामं झालं होतं. या चर्चला जोडून राहणारे बेनेडिक्टाइन मठवासीही ऑगस्टच्या भूकंपानंतर गावाबाहेरच्या डोंगरावर राहत होते. ते धावत खाली आले आणि चौकात गावकऱ्यांबरोबर गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. ती छायाचित्रं जगभर गेली.

आता प्रश्न असा की या मंडळींनी व्रत घेतलं होतं ते कशाचं?

त्यासाठी मागे जाऊ. बेनेडिक्ट सुमारे ४८० साली जन्मले. शिकायला रोमला गेले, तिथलं वातावरण मानवलं नाही म्हणून बाहेर पडले, सुबियाकोच्या गुहेत तीन वर्षं एकटे राहिले आणि सुमारे ५२९ मध्ये मॉन्टे कॅसिनोच्या डोंगरावर त्यांनी मठ उभारला. तिथे त्यांनी आपली नियमावली लिहिली. प्रकरणं ७३, आणि पुस्तक तसं लहानच. 'प्रार्थना करा आणि काम करा' हे बेनेडिक्टाइनांचं ब्रीद म्हणून सांगतात. पण ते शब्द नियमावलीत कुठेच नाहीत, ते फार नंतरचे. नियमावलीत आहे ते रोजचं जगणं. दिवसाला भाकरी किती, वाइन किती, अवजारं कुणाकडे दिली त्याची यादी कशी ठेवायची, पाहुण्याचं स्वागत कसं करायचं. मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असंही एका प्रकरणात म्हटलंय.

आणि ५८व्या प्रकरणात दीक्षा घेणाऱ्याची वचनं आहेत. आज्ञापालन, जीवनपद्धतीत पालट, आणि स्थैर्य. लॅटिनमध्ये 'स्टॅबिलिटास'. म्हणजे ज्या समूहात दीक्षा घेतली तिथेच मरेपर्यंत राहायचं. आपल्याला हे जरा उलटं वाटतं. आपला संन्यासी फिरता. एका जागी फार राहिला तर जागेचा मोह जडेल, म्हणून चातुर्मास सोडला तर त्याने चालत राहावं. बेनेडिक्टना भीती नेमकी उलटी होती. या मठातून त्या मठात फिरणाऱ्या साधूंवर त्यांनी पहिल्याच प्रकरणात कडक टीका केलीय. कारण फिरत्या माणसाला कुणाला सहन करावं लागत नाही. शेजारच्याचा कंटाळा आला की चालू लागायचं! स्थैर्य म्हणजे त्याच त्याच माणसांना जन्मभर सहन करणं. हे मला तरी गुहेतल्या तपापेक्षा अवघड वाटतं.

पण मग जागाच गेली तर? हा प्रश्न नोर्चाने पहिल्यांदा विचारलेला नाही. मॉन्टे कॅसिनोचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाची उजळणी आहे.

बेनेडिक्ट यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'संवादां'तून. त्यात एक प्रसंग आहे. बेनेडिक्ट प्रार्थना करताना रडताना दिसतात. शिष्य कारण विचारतो. ते सांगतात, हा मठ परक्यांच्या हाती जाणार. माणसांचे जीव तेवढे वाचावेत, एवढंच मला देवाकडून कसंबसं मिळालंय. आता ग्रेगरी लिहीत होते तेव्हा मठ लुटून झाला होता. ५८० च्या सुमारास लोंबार्ड टोळ्यांनी तो उद्ध्वस्त केला. तेव्हा भविष्यवाणी मागाहून लिहिली गेली, असं म्हणायला जागा आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पडलेल्या मठाचा अर्थ लावताना ग्रेगरींनी माणसं आणि भिंती यांचा हिशेब वेगळा मांडला.

आठव्या शतकात याच मठात राहून इतिहास लिहिणारा पॉल द डीकन सांगतो की पळून रोमला जाताना मठवासींनी बरोबर काय घेतलं : नियमावलीची प्रत, भाकरीचं वजन आणि वाइनचं माप. मंडळी, जरा थांबून याचा विचार करा. घर लुटलं जातंय आणि माणूस वजन-माप उचलतोय! कारण रोज किती खायचं हे ठरलेलं माप हाच त्यांच्या एकत्र राहण्याचा पुरावा होता. डोंगरावर मठ पुन्हा उभा राहायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. पुढे ८८३ मध्ये अरबांनी तो जाळला, १३४९ मध्ये भूकंपाने पाडला. दर वेळी उठला.

मग १९४४. या डोंगराखालून रोमचा रस्ता जातो आणि तो जर्मनांनी अडवला होता. मठाचं ग्रंथालय आणि दफ्तर आदल्या वर्षीच जर्मन सैन्यातल्या दोन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ट्रकमधून रोमला हललं होतं. डोंगर घेण्याची कामगिरी होती चौथ्या भारतीय डिव्हिजनकडे. तिचे सेनापती फ्रान्सिस टकर यांना मठाच्या भिंतींची जाडी कुणी सांगेना. शेवटी नेपल्समधल्या पुस्तकाच्या दुकानात १८७९ चं एक पुस्तक मिळालं, त्यात भिंती किमान दहा फूट जाड असल्याचं लिहिलं होतं. टकर यांनी जड बॉम्बचा आग्रह धरला. १५ फेब्रुवारीला दोनशेहून अधिक विमानांनी मठाची माती केली.

त्या वेळी आत जर्मन फौज नव्हती. मठाधिपती दियामारे आणि मोजके मठवासी होते, आणि शेकडो आश्रित गावकरी. ऐंशीला टेकलेले दियामारे वाचलेल्यांना घेऊन दोन दिवसांनी डोंगर उतरले. पण आश्रयाला आलेले कितीतरी जण ढिगाऱ्याखाली राहिले. ग्रेगरींच्या कथेतलं 'जीव वाचतील' हे आश्वासन त्यांच्या वाट्याला आलं नाही, हे विसरून मठाच्या पुनरुत्थानाचं कौतुक करणं मला योग्य वाटत नाही. आणि लष्करी फायदाही झाला नाही : जर्मन सैनिक त्या ढिगाऱ्यातच घुसले आणि आणखी तीन महिने लढले.

इथे आपलाही एक धागा आहे. इटलीच्या या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. कॅसिनोच्या युद्धस्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचं नाव त्यांत आहे. त्यांचा पुतळा रायगडातल्या माणगावला आहे.

मठ पुन्हा बांधला गेला. २४ ऑक्टोबर १९६४ ला पोप सहावे पॉल यांनी तिथल्या चर्चचं अभिमंत्रण केलं आणि त्याच दिवशी बेनेडिक्टना युरोपचे आश्रयदाते संत घोषित केलं.

आता परत नोर्चाला. तिथले जुने मठवासी १८१० मध्ये, नेपोलियनच्या काळात हद्दपार झाले होते. त्यानंतर जवळजवळ १९० वर्षांनी, २००० साली, अमेरिकन फादर कॅसियन फॉल्सम यांनी रोममध्ये सुरू केलेला छोटा समूह तिथे आला. हाताने काम करून पोट भरावं या नियमाला धरून त्यांनी २०१२ मध्ये बिअर गाळायला सुरुवात केली. (मठात बिअर कशी, असं विचारू नका, वाइनचं माप नियमावलीतच आहे!) २०१५ मध्ये त्यांच्या लॅटिन गायनाची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत अभिजात संगीताच्या यादीत पहिली आली.

आणि पुढच्याच वर्षी सगळं खाली. त्यांच्यापुढे पर्याय होते. बरेचसे अमेरिकन, घरी परत जाता आलं असतं. ते डोंगरावर तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले, रात्रीची प्रार्थना ठरल्या वेळी चालू ठेवली. पुढे त्यांनी चौकात परतायचं नाही, तर डोंगरावरच्या जुन्या कापुचिन मठाच्या जागी कायमचं राहायचं, असं ठरवलं. २०२४ मध्ये त्या मठाला ॲबीचा दर्जा मिळाला.

हा निर्णय बरोबर होता का? यावर दोन बाजू आहेत. चर्च पडल्यावर ज्या गावकऱ्याला चौकात मठवासी हवे होते, त्याच्या दृष्टीने ते वर निघून गेले. त्याची हळहळ खोटी नाही. पण व्रताच्या शब्दाकडे पाहिलं तर ते शहराच्या चौकाशी नव्हतंच. ते होतं शेजारी उभं राहून गाणाऱ्या माणसाशी, आणि तो माणूस सोडून कुणी गेलं नाही.

स्थैर्य म्हटलं की आपण भिंतींचा विचार करतो. कॅसिनोच्या त्या पळणाऱ्या साधूंनी भिंती सोडल्या आणि माप उचललं. आपल्या संस्था, मंडळं, ग्रंथालयं यांना इमारतीसाठी निधी जमवणं तुलनेने सोपं जातं. पण उद्या इमारत गेली, तर बरोबर न्यावं असं माप आपल्याकडे कोणतं आहे, हे प्रत्येकाने आपापल्या संस्थेपुरतं तपासावं. मला ठाऊक असलेल्या दोन-तीन संस्थांबद्दल उत्तर फारसं दिलासा देणारं नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.