रुमाल फाटला नाही, माणूस मात्र गेला

सिनॉप्सिस लिहिताना बऱ्याच जणांना एक अडचण येते. जुन्या कागदपत्रांत एखादी चाचणी सापडते. आकडा दिलेला असतो, निकाल दिलेला असतो. मग तो उचलून आपल्या प्रकरणात ठेवला की काम झालं, असं वाटतं. तसं का होत नाही, ते आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण आहे कापड गोळी अडवू शकतं का, या प्रश्नाचं.

२५ फेब्रुवारी १८८१. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रदेशातलं टूमस्टोन हे चांदीच्या खाणींचं गाव. तिथे ल्यूक शॉर्ट आणि चार्ली स्टॉर्म्स या दोन जुगाऱ्यांचं भांडण झालं आणि शॉर्टने अगदी जवळून गोळी झाडली. स्टॉर्म्स मेला. गावचे डॉक्टर जॉर्ज गुडफेलो यांनी प्रेत तपासलं, तेव्हा छातीच्या जखमेतून रेशमी रुमालाचं टोक बाहेर आलेलं दिसलं. रुमाल ओढला तर त्याच्यात गुंडाळलेली गोळीही बाहेर आली. रुमालाला भोक पडलेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी बिली ग्राउंड्स नावाच्या माणसावर शॉटगन झाडली गेली. छर्रे त्याच्या जाड फेल्ट हॅटच्या चांदीच्या तारेने मढवलेल्या पट्ट्यातून आरपार कवटीत शिरले. एक छर्रा तर कॅनव्हासचा कोट, बंडी आणि दोन लोकरी शर्ट भेदून छातीत खोल गेला. पण गळ्यातल्या चिनी रेशमी रुमालाच्या घड्यांत दोन छर्रे नुसते अडकून पडले होते, आणि खाली जखम नव्हती. गुडफेलोंनी अशा नोंदी एकत्र करून १८८७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया प्रॅक्टिशनर’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता रेशमाची अभेद्यता.

आता तुम्ही स्वतःला विचारा, या लेखातून नेमकं काय सिद्ध झालं? रेशीम फाटत नाही, हे दिसलं. पण स्टॉर्म्सच्या बाबतीत रुमाल ‘पास’ झाला आणि माणूस गेला. म्हणजे ‘कापड टिकलं का’ आणि ‘माणूस वाचला का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय गुडफेलोंनी चाचणी घेतलेलीच नव्हती. त्यांच्यासमोर जे आलं ते त्यांनी नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं. बंदूक, अंतर, रुमालाच्या घड्या यांतलं काहीच त्यांनी ठरवलेलं नव्हतं. म्हणून त्यांची नोंद कमी मोलाची ठरत नाही, पण ती प्रयोग म्हणून वाचायची नाही.

१८९३ मध्ये शिकागोचे महापौर कार्टर हॅरिसन यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच शहरातले पोलिश धर्मगुरू कझिमीर झेग्लेन यांनी रेशमाचं गोळीरोधक कापड विणायचा ध्यास घेतला आणि १८९७ मध्ये पेटंटं मिळवली. मग प्रात्यक्षिकं सुरू झाली. लोकांसमोर कापडावर गोळ्या झाडायच्या, अगदी जिवंत माणसाला जाकीट घालून झाडायच्या. वर्तमानपत्रांनी हे सगळं चवीने छापलं.

ही प्रात्यक्षिकं खोटी नव्हती. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरच्या संथ, शिशाच्या गोळीला रेशमाचे थर खरंच अडवत. पण बंदूक कोणती, हे जाकीट विकणारा ठरवत होता. फ्रान्सने १८८६ मध्येच धूरविरहित दारूची लेबेल रायफल सैन्यात आणली होती आणि रायफलच्या गोळीचा वेग खूप वाढला होता. तिच्यासमोर हे रेशीम टिकणारं नव्हतं. तेव्हा अशी बातमी हाती आली तर ‘गोळी अडली’ हे वाक्य अर्धंच समजा. कोणती गोळी, किती अंतरावरून, आणि ते कुणी ठरवलं, हे उरलेलं अर्धं वाक्य.

आता थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे केव्लार हा धागा तयार झाला. अमेरिकेच्या न्याय विभागाने पोलिसांच्या जाकिटांसाठी १९७२ मध्ये पहिलं मानक काढलं. आता बंदूक आणि गोळीचा वेग विक्रेता ठरवणार नव्हता. त्याच दशकात स्टॉर्म्सच्या रुमालाचा प्रश्नही मानकात शिरला. गोळी अडली तरी तिचा धक्का आत किती जातो? त्यासाठी जाकिटामागे शिल्पकार वापरतात तसली तेलकट माती ठेवायची, गोळी झाडायची आणि मातीत पडलेला खड्डा मोजायचा. खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर जाकीट नापास.

हा ४४ चा आकडा कुठून आला? केव्लार पांघरलेल्या बकऱ्यांवर पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या झाडून, त्यांच्या जखमांची जेलाटिन आणि मातीतल्या खड्ड्यांशी तुलना करून. पुढे हाच आकडा वेगळ्या गोळ्यांना आणि वेगळ्या साहित्याच्या चिलखतांनाही लावला गेला. मानकात छापलेला आकडा निसर्गनियमासारखा दिसतो, पण त्याच्यामागे एक ठरावीक धागा, एक ठरावीक गोळी आणि काही बकऱ्या असतात.

मानक एवढं पक्कं झाल्यावर तरी प्रश्न संपला का? जून २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स इथे एका पोलिसाच्या झायलॉन धाग्याच्या जाकिटातून गोळी आत गेली. जे अडवण्यासाठी ते जाकीट बनवलं होतं, तेच ते अडवू शकलं नाही. तपासात कळलं की ओलावा आणि प्रकाश यांमुळे झायलॉन कमकुवत होतो. २००५ च्या सरकारी अहवालात वापरलेली १०३ जाकिटं तपासली होती. त्यांतल्या ६० मधून किमान एक गोळी आरपार गेली. नव्या जाकिटाचे सगळे निकष पूर्ण करणारी फक्त ४ निघाली. ही जाकिटं नवी असताना घेतलेली चाचणी चुकीची नव्हती. घामाने भिजलेल्या, रोज अंगावर वागवलेल्या जाकिटाचं काय होतं, हे तिने विचारलंच नव्हतं. २००८ च्या मानकात मग जाकीट उष्ण, दमट यंत्रात दहा दिवस घुसळून काढायची अट आली.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे शहीद झाले आणि त्यांच्या जाकिटाच्या दर्जावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. पुढे ते जाकीटच सापडत नसल्याचं उघड झालं. संशोधक म्हणून इथे थांबून विचार करा. ‘जाकीट चांगलं होतं का’ या एका वाक्यात गोळी कोणती होती, ती कुठे लागली, जाकीट किती जुनं होतं, आणि घेताना त्याची कोणती चाचणी झाली होती, असे निदान चार प्रश्न आहेत. वस्तू हाती असती तर त्यांतल्या काहींची उत्तरं थेट तिच्याकडून मिळाली असती. वस्तू गेली की खरेदीची फाइल, शवविच्छेदन अहवाल आणि साक्षी एवढंच उरतं, आणि यांतला प्रत्येक कागद कुणीतरी वेगळ्याच कारणासाठी लिहिलेला असतो. भारतीय मानक ब्युरोचं गोळीरोधक जाकिटांसाठीचं मानक, आयएस १७०५१, त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये आलं.

तेव्हा तुमचा विषय खतांचा असो, लसीचा असो की सिमेंटचा, जुनी चाचणी सापडली की निकाल वहीत उतरवण्याआधी चार गोष्टी लिहा : काय तपासलं, कशासमोर तपासलं, वस्तू कोणत्या अवस्थेत होती, आणि ‘पास’ कशाला म्हणायचं ते कुणी ठरवलं. यांतली एखादी जागा रिकामी राहिली तर ती तशीच ठेवा आणि गाईडना दाखवा. बऱ्याचदा प्रबंधाचा प्रश्न त्या रिकाम्या जागेतच सापडतो.