शिशाचे पुरावशेष : ओळख
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) छावण्यांच्या परिसरात धातुशोधकाने पुरावशेष धुंडाळणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा शिशाचा बेढब गोळा लागतो. नखाने ओरखडा उठण्याइतका मऊपणा, आकाराच्या मानाने जाणवणारे वजन आणि दीर्घकाळ भूमिगत राहिल्याने चढलेले कार्बोनेटाचे पांढुरके पुट ही त्या धातूची लक्षणे होत. मूळ वस्तूचा निर्णय मात्र कठीण, कारण ३२७° से. तापमानास वितळणारे शिसे शेकोटीवरही ओतता येई आणि फावल्या वेळी शिपाई गोळ्या कोरून बुद्धिबळाची प्यादी वा मासेमारीच्या गळाची वजने बनवीत. तळाशी शंक्वाकार पोकळी व बाजूस तीन खाचा असल्यास ती बहुधा त्या युद्धातील रायफलीची मिन्ये गोळीच. टोकास मळसूत्री छिद्र असेल, तर बार न उडविता ती नळीतून ओढून काढलेली असते. दातांचे व्रण दिसताच शस्त्रक्रियेच्या वेळी घायाळाने ती चावली, अशी कथा सांगितली जाते. ती हृदयद्रावक खरी, परंतु असे व्रण पुष्कळदा डुकरांचे किंवा कुरतडणाऱ्या प्राण्यांचे असतात. पुट खरवडू नये. ते विषारी असून वस्तूचे रक्षणही तेच करते. गेटिसबर्गसारख्या, राष्ट्रीय उद्यानांत समाविष्ट असलेल्या रणक्षेत्रांवर धातुशोधक वापरण्यास कायद्याने मनाई आहे.